शेजारधर्म आणि तुरीचे पोते



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढची विद्या सुरतेच्या धान्यबाजारात, पोत्यातील दाणे तळहातावर घेऊन पारखता पारखता जी काय मिळाली तेवढीच. अशा माणसाने विकसनशील राष्ट्रांच्या प्रादेशिक आर्थिक एकीकरणासारख्या भारदस्त विषयावर लिहावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु या विषयाचा एक धागा माझ्या वखारीतील तुरीच्या पोत्यापर्यंत येऊन पोचतो, आणि त्या धाग्याला माझ्याच हातून एक गाठ पडलेली आहे. ती गाठ आपणा सर्वांसमोर उकलावी, या हेतूने लेखणी उचलली आहे.

विषय प्रथम साध्या शब्दांत सांगतो. शेजारच्या किंवा सारख्या परिस्थितीच्या गरीब देशांनी एकमेकांच्या मालावरील जकात उतरवावी, नियम सारखे करावे, आणि अनेक लहान बाजारांचा हळूहळू एक मोठा बाजार व्हावा, या गोष्टीस विद्वान मंडळी एकीकरण म्हणतात. श्रीमंत राष्ट्रांच्या दारात प्रत्येकाने एकेकटे उभे राहण्यापेक्षा आपापसांत देवघेव वाढवावी, हा त्यामागील विचार. विचार उत्तम आहे. तथापि तो अमलात का येत नाही, याचे कारण बहुधा जकातीच्या दरांत शोधले जाते. माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे खरे कारण निराळे आहे. बाजार जोडला जातो तो दिलेला शब्द हंगामभर टिकल्याने. आणि शेजाऱ्यांमध्ये जो मोठा असेल त्याने तो शब्द आधी पाळावयाचा असतो. एवढेच मला सांगावयाचे आहे.

असे बाजार जोडणे किती वेळ खाते, हे आपण आपल्याच घरात पाहिले आहे. आमचे आजोबा नंदुरबारहून सुरतेस आले आणि खानदेशची तूर व ज्वारी येथे विकू लागले. त्या काळी ते सर्व एकाच मुंबई इलाख्यात होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, आणि सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूरचे स्थानक असे हद्दीवर सापडले की त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत गेला. प्रवाशाला त्याचे काहीच वाटत नाही. तो फलाटावर चार पावले टाकून राज्य ओलांडतो. मालाचे मात्र तसे नव्हते. माझ्या लहानपणी तुरीचा ट्रक राज्याच्या हद्दीवर तपासणीसाठी थांबे, पुढे शहराच्या नाक्यावर पुन्हा थांबे. वडील मला सोबत नेत. ट्रकखाली चादर अंथरून आम्ही रात्र काढलेली मला आठवते. गुजरातेतील महानगरपालिकांची जकात २००७ मध्ये उठली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या हद्दीवरील तपासणी नाके गेले. त्याच्याही कितीतरी आधी, विरमगामच्या जकातीचा काठियावाडच्या प्रवाशांस जो जाच होई त्याविरुद्ध गांधीजींनी १९१५ पासून खटपट केली, तेव्हा कुठे १९१७ मध्ये ती उठली. म्हणजे एक राष्ट्र, एक नाणे, एक सरन्यायालय असूनही स्वातंत्र्यानंतर आपला बाजार एक व्हावयास सत्तर वर्षे लागली. मग निरनिराळ्या राष्ट्रांनी उतावीळ होऊन काय साधणार?

आता शेजाऱ्यांकडे पाहू. दक्षिण आशियातील सात देशांनी ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे सार्क ही संघटना स्थापन केली. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सभासद झाला. मुक्त व्यापाराचा ‘साफ्ता’ करार जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबाद येथे झाला आणि २००६ पासून अमलात आला. इतके होऊनही या देशांच्या एकंदर परराष्ट्र व्यापारापैकी आपापसांतील व्यापार सुमारे पाच टक्केच भरतो; आग्नेय आशियातील आसियान राष्ट्रांत हेच प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास आहे. सार्कची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडू येथे भरली, त्यानंतर भरलेली नाही. भारत-पाकिस्तान यांचे वैर हे त्याचे मोठे कारण होय, हे कोणीही सांगेल. राजकारणाचा तो भाग व्यापाऱ्याच्या हातातला नाही, म्हणून मी तो बाजूस ठेवतो. परंतु ज्यांच्याशी आपले वैर नाही अशा शेजाऱ्यांशी तरी आपला व्यापार विश्वासाचा आहे काय, हा प्रश्न उरतोच.

या बाबतीत आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांस परिचित असलेले एक उदाहरण देतो. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन राष्ट्रांनी १९६७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापला. तिघांची रेल्वे एक, बंदरे एक, टपाल एक, विमान कंपनीही एक. गुजरातेतून तेथे गेलेल्या आपल्या दुकानदारांना मोंबासाचा माल कंपालाला पाठविणे गावातल्या गावात पाठविण्याइतके सोपे होते. असा सुरेख संसार दहा वर्षांत, १९७७ मध्ये मोडला. युगांडात इदी अमीन यांची राजवट आली आणि टांझानियाचे न्येरेरे त्यांच्यासमवेत बसेनात, हे एक कारण. पण मुळातली कुरबुर जुनी होती. कारखाने बहुतेक केनियात, बाजार मात्र तिघांचा. त्यामुळे आपण केवळ गिऱ्हाईक झालो अशी भावना इतर दोघांच्या मनात बळावली. समुदाय मोडल्यावर टांझानियाने केनियाची हद्दच बंद केली, ती १९८३ मध्ये उघडली. पुढे १९९९ मध्ये पुन्हा करार झाला, २००५ मध्ये तिन्ही देशांचा जकातसंघ झाला, आणि आज त्या समुदायात आठ राष्ट्रे आहेत. एकदा तुटलेले जोडावयास बावीस वर्षे गेली. भागीदारीत मोठ्या भागीदाराने नफ्याची वाटणी करताना हात आखडता घेतला की पेढीचे काय होते, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आता माझ्या तुरीच्या पोत्याकडे येतो.

दक्षिण आशियाच्या या भागात भारत हा मोठा भागीदार आहे, आणि डाळींच्या बाबतीत तर तो जगातील सर्वांत मोठा उत्पादक, सर्वांत मोठा खाणारा व सर्वांत मोठा आयातदार आहे. म्यानमारचा शेतकरी उडीद पिकवतो तो प्रामुख्याने आपल्यासाठी. त्याच्या स्वतःच्या घरात उडीद फारसा शिजत नाही. मोझांबिक, मलावी, टांझानिया येथील तुरीचेही बरेचसे तसेच. ही सर्व गरीब राष्ट्रे आहेत. आपल्या सरकारने २००८ मध्ये अत्यंत अविकसित राष्ट्रांच्या मालास जकातीत सवलत जाहीर केली, हे भूषणावह आहे. पण पुढील हकिगत ऐकावी.

२०१५ मध्ये आपल्याकडे पाऊस सलग दुसऱ्या वर्षी कमी झाला आणि तूरडाळ किरकोळीत किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. घराघरांत डाळ पातळ झाली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, आणि परदेशांना अधिक पिकवा असे सांगितले. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी पाच वर्षांचा करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन व वाढत वाढत २०२०-२१ मध्ये दोन लाख टन डाळ घेण्याचे त्यात ठरले. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला, शेतकऱ्यांनी चढा भाव पाहून तूर भरभरून पेरली, आणि देशाचे डाळींचे उत्पादन सुमारे १६३ लाख टनांवरून सुमारे २३१ लाख टनांवर गेले. तुरीचा हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये होता. बाजारात भाव त्याखाली घसरला. ५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, आणि त्याच महिन्यात मूग व उडीद यांवर मिळून तीन लाख टनांची.

ही मर्यादा यावी म्हणून ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केले होते. अशा एका अर्जावर माझी सही आहे.

माझी वखार त्या वेळी महाग भावाच्या तुरीने भरलेली होती. बाहेरचा माल थांबला तर भाव सावरेल आणि माझे नुकसान कमी होईल, हा माझा हिशेब होता. अर्जात आम्ही शेतकऱ्याच्या हिताची भाषा लिहिली. ती खोटी नव्हती. पण सही करताना माझ्या डोळ्यांपुढे शेतकरी नव्हता, माझी वखार होती.

त्याच महिन्यात संवत्सरी आली. दरवर्षीच्या प्रघाताप्रमाणे मी ज्यांच्याशी व्यवहार होतो त्या सर्वांस क्षमापनेचे पत्र पाठविले. त्यांत यांगोनचे एक वृद्ध व्यापारी होते. त्यांच्या आजोबांचे मूळ गाव आपल्याच गुजरातेतील. वीस वर्षे मी त्यांचा माल मुंबईच्या आयातदारामार्फत घेत आलो. एकदाही नमुना आणि माल यांत फरक पडला नाही. त्यांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते की, तुमच्या देशातून अधिक पेरा असा निरोप आला म्हणून मी खेड्याखेड्यांत शेतकऱ्यांना बियाण्यासाठी रक्कम आगाऊ दिली. आता माल घरात आहे आणि घेणारा नाही. भाव इतका उतरला की कित्येक जण काढणीची मजुरीही निघत नाही म्हणतात. शेवटी एकच प्रश्न होता: हे दार बंद करण्याच्या अर्जावर तुमची सही होती काय?

मी त्यांस खरे कळविले. त्यानंतर त्यांची पत्रे आली, पण त्यांत पूर्वीचा ओलावा राहिला नाही. पुढे काही वर्षांतच ते निवर्तले. जकात माफ असलेल्या मालालाही दार बंद असू शकते, हे मला त्यांच्याकडून कळले. कागदावर सवलत होती, व्यवहारात मर्यादा होती; आणि ती मर्यादा पीक शेतात उभे राहिल्यावर आली.

या हकिगतीचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे. मर्यादा घालताना सरकारने दुसऱ्या राष्ट्रांशी केलेल्या करारांतील आयात त्यातून वगळली होती. म्हणून मोझांबिकशी ठरलेले टन घेण्यास आपण बांधलेले राहिलो. म्यानमारशी मात्र तसा लेखी करार नव्हता. त्याला तडाखा बसला. पुढे काळाचे चक्र फिरले. डाळ पुन्हा महाग झाली, आणि २०२१ मध्ये सरकारने दार पुन्हा उघडले. त्या वर्षी म्यानमारशी दरवर्षी अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर, आणि मलावीशी दरवर्षी पन्नास हजार टन तूर, असे पाच वर्षांचे करार झाले. जो शब्द लेखी होता तो टिकला आणि जो तोंडी होता तो वाऱ्यावर गेला, हा यातील बोध होय. आणि दार उघडण्यासाठी २०२१ पूर्वी जे अर्ज गेले, त्यांतही आमच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या सह्या होत्या, हे मी लपवीत नाही.

डाळीची कथा आयातीची, कांद्याची निर्यातीची. २९ सप्टेंबर २०१९ रोजी आपण कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. बांगलादेशात कांद्याचे भाव कडाडले. त्या देशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीस आल्या, तेव्हा आपण आचाऱ्याला कांद्याविना स्वयंपाक करण्यास सांगितले आहे असे त्या विनोदाने म्हणाल्या. पुढच्या वेळी आधी सूचना दिली तर बरे, ही विनंतीही त्यांनी केली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी आली, तीही तशीच अचानक. बांगलादेशाने मग इजिप्त, तुर्कस्तान इत्यादी दूरच्या देशांकडून कांदा आणविला. लासलगावचा शेतकरी जे गिऱ्हाईक मिळविण्यास वर्षे घालवितो ते असे एका सायंकाळच्या हुकुमाने दुसऱ्याच्या दारी जाते.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे, की आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील तूर उत्पादक भाव पडून मरत असताना परक्या शेतकऱ्याची काळजी आपण का वाहावी? सरकारचे पहिले कर्तव्य आपल्या प्रजेप्रती नाही काय? आहे, यात शंका नाही. २०१७ मध्ये माझ्याकडे माल घेऊन आलेल्या खानदेशी शेतकऱ्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. पट्टी हातात घेऊन तो बराच वेळ ओट्यावर बसून होता. त्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. परंतु संरक्षण आणि लहर यांत फरक आहे. हमीभावाने खरेदी वेळेवर करणे हे संरक्षण. पेरणीपूर्वी जकात किती राहील हे जाहीर करणे हेही संरक्षणच. पीक निघाल्यावर, जहाज समुद्रात असताना नियम बदलणे ही लहर होय, आणि तिचा फायदा शेतकऱ्यापेक्षा ज्याच्या वखारीत साठा पडून आहे त्यालाच अधिक होतो. हे मी स्वानुभवाने सांगतो. शिवाय लहरीचा फटका फिरून आपल्यालाच बसतो. एकदा पोळलेला यांगोनचा शेतकरी पुढील वर्षी उडीद कमी पेरतो, आणि आपल्याकडे पाऊस कमी झाला की तोच उडीद आपण चढ्या भावाने शोधत फिरतो.

सुरतेला ही गोष्ट नवी नव्हे. सतराव्या शतकात या बंदरातून होर्मुझ, मोखा, बसरा व पूर्वेच्या बेटांपर्यंत माल जाई. आपल्याच जैन समाजातील वीरजी वोरा यांचा व्यवहार तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि मलाया बेटांपर्यंत पसरला होता, आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी त्यांच्याकडून कर्ज काढी. त्या काळी ना साफ्ता होता ना शिखर परिषद. राजे बदलत, चाचे लुटत, वारे उलटत. तरी हुंडी वटे. परक्या बंदरातील परक्या धर्माचा माणूस सुरतेच्या कागदावर विश्वास ठेवी, कारण लिहिले ते दिले जाईल अशी पत होती. एकीकरणाचा मूळ पाया तोच. पेढीची पत सोन्याच्या साठ्यावर ठरत नाही. वाईट वर्षी ती शब्द पाळते की नाही, यावर ठरते.

म्हणून माझ्या मते काही गोष्टी व्हाव्यात. आयात-निर्यातीचे धोरण हंगामापूर्वी, निदान एका पिकासाठी, जाहीर व्हावे, आणि मध्येच बदलावे लागले तर करार झालेल्या व वाटेवर असलेल्या मालास ते लागू करू नये. मोझांबिक, म्यानमार, मलावी यांच्याशी झाले तसे परिमाणाचे लेखी करार शेजारच्या इतर राष्ट्रांशीही, घेण्याचे व देण्याचे असे दोन्ही बाजूंनी व्हावेत. आपण त्यांची डाळ घेण्याचा शब्द द्यावा, तसा त्यांना कांदा व तांदूळ देण्याचाही द्यावा. सार्क राष्ट्रांच्या समाईक अन्न बँकेचा करार एप्रिल २००७ मध्ये नवी दिल्ली येथे झाला, पण तिचा फारसा उपयोग झाला नाही. धान्य कोठारात असूनही ते मागण्याची व देण्याची रीत सुलभ झाली नाही, तर कोठाराचा उपयोग काय?

आणखी एक गोष्ट मला निकडीची वाटते. डाळींत स्वावलंबी होण्यासाठी सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद व मसूर यांसाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर केली, आणि २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले. २०२४-२५ मध्ये आपण ७० लाख टनांहून अधिक डाळी बाहेरून आणल्या, हे ध्यानी घेता ही मोहीम अगत्याचीच आहे आणि तिला आपण व्यापाऱ्यांनी मनापासून साह्य करावे. परंतु ती यशस्वी झाली तर म्यानमार व आफ्रिकेतील लाखो शेतकऱ्यांचे गिऱ्हाईक जाणार आहे. ही गोष्ट त्यांना आजच, मोकळेपणाने आणि आकड्यांनिशी सांगितली पाहिजे, म्हणजे त्यांना पीक बदलण्यास पाच-सहा वर्षांचा अवधी मिळेल. ज्या पेढीकडून माल घेणे थांबवावयाचे असते तिला चांगला व्यापारी दोन हंगाम आधी सांगतो. राष्ट्राने यापेक्षा कमी सभ्यता का दाखवावी?

शेवटी आपल्या संघासंबंधी. भाव पडला की दार बंद करा आणि भाव चढला की दार उघडा, असे अर्ज आपल्यासारख्या संस्थांकडून जातात, आणि मग सरकार चंचल आहे म्हणून आपणच ओरडतो. माझी सूचना अशी आहे की यापुढे आयात-निर्यातीसंबंधी कोणताही अर्ज पाठविण्यापूर्वी संघाने सभासदांस एक प्रश्न विचारावा: भाव याच्या उलट दिशेला गेले असते तरी आपण हीच मागणी केली असती काय? उत्तर नाही असे आले, तर तो अर्ज पाठवू नये.

माझ्या वखारीत आजही यांगोनच्या उडदाची पोती येतात. आता व्यवहार त्या वृद्ध गृहस्थांचे चिरंजीव पाहतात. दरवर्षी संवत्सरीस मी त्यांना पत्र लिहितो, आणि त्यांचेही उत्तर येते, थोडक्यात, व्यवहारापुरते. वडिलांच्या वेळचा विश्वास पुन्हा जमावयास किती हंगाम लागतील ते मी जाणत नाही. पण तो जमवावयाचा असेल तर प्रथम पाऊल माझ्या बाजूने, मोठ्या बाजारात बसलेल्याच्या बाजूने पडले पाहिजे, एवढे मला उमगले आहे. विद्वानांनी या लेखातील उणिवा पोटात घालाव्या, आणि बाजारातील बंधूंनी आपापल्या सह्या एकदा आठवून पाहाव्या, ही नम्र विनंती.